शॉकअप बदला, पण गाडी खाली बसवू नका

टिळकवाडी, हिंदवाडी, कॅम्प भागात संध्याकाळी फिरायला निघालं की हल्ली एखाद्या फाटकासमोर खाली बसलेली गाडी दिसतेच. पंक्चर होऊन बसलेली नव्हे, पैसे मोजून मुद्दाम बसवलेली. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये दोन बोटं घालायची म्हटली तर एक कसंबसं जाईल. आमच्या मराठी घरांतली मुलं बंगळूर, पुणे, गोवा इथं चांगलं कमावतात, तिशी-पस्तिशीत स्वतःच्या पैशानं, वापरलेली का होईना, स्पोर्ट्स कार घेतात आणि मग पहिला उद्योग हा. घरातली वडीलधारी मंडळी त्यावर ठरलेलं वाक्य बोलतात, "कंपनीनं दिलंय ते काय उगीच दिलंय?" त्यापुढं दोन्ही बाजूंचं बोलणं बंद. मुलगा चिडलेला, आई धास्तावलेली, वडील पेपरात तोंड घालून बसलेले. आमच्याही घरात हेच झालं.

माझं मत दोघांनाही थोडं कडू लागेल. कंपनीचे शॉकअप म्हणजे देव्हाऱ्यातल्या मूर्ती नव्हेत. ते झिजतात, कधी ना कधी बदलावेच लागतात, आणि बदलताना ॲडजस्ट होणारे घेणं हा आपल्याकडच्या रस्त्यांवर योग्य खर्च आहे. पण त्यात फिरवायचं असतं ते डॅम्पिंग. उंचीला हात लावायचा नाही. आणि काय घ्यायचं, किती कडक ठेवायचं, हे ठरवताना आपल्या नेहमीच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट किलोमीटर डोळ्यांसमोर ठेवायचा. मुलं ठरवतात ती पुणे-बंगळूर हायवेवरच्या सगळ्यात गुळगुळीत किलोमीटरवरून. तिथंच हिशेब चुकतो.

बँकेत आयुष्य गेलेल्या बी.कॉम. माणसानं यात तोंड का घालावं, असं कुणी म्हणेल. तर बेळगाव हे फाउंड्रीचं आणि हायड्रॉलिक्सचं गाव. उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या कारखान्यांना खेळतं भांडवल देताना महिन्याला स्टॉक तपासायला जावं लागायचं. तिथं व्हॉल्व्ह, सिलिंडर, सील, होनिंग हे शब्द कानावर पडून पडून अंगात मुरले. तेल एका बारीक भोकातून दाबून पाठवलं की ते विरोध करतं आणि तापतं, एवढं मला एका कारखानदारानं चहा पिता पिता समजावलं होतं. शॉकअप म्हणजे दुसरं काय हो? दट्ट्या, तेल, आणि तेलाची वाट अडवणाऱ्या पातळ चकत्या. शिवाय आमच्याकडं पद्मिनी होती. पुढं कॉइल स्प्रिंग, मागं पाटे. तिच्यातून गोव्याला जाऊन आल्यावर कुठला रस्ता कुठं खचलाय हे कंबर सांगायची.

आता मूळ गोष्ट. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि खड्ड्यात मिळालेला धक्का साठवून घेते. साठवलेलं ती परत देणारच, पै न पै. शॉकअप नसला तर गाडी झोके घेत राहील. शॉकअप त्या झोक्याची उष्णता करून टाकतो आणि चाक पुन्हा रस्त्यावर टेकवतो. आरामदायी बसणं हा त्यातला दुय्यम फायदा. मुख्य काम चाक रस्त्याला चिकटून ठेवणं. कारण चाक जितका वेळ हवेत, तितका वेळ त्या चाकाला ब्रेक नाही आणि स्टीअरिंगही नाही. हे वाक्य मी पुतण्याला तीनदा ऐकवलं.

पुतण्याकडं बीएमडब्ल्यूची झेड-४ आहे. दोन सीटची, छत घडी होऊन डिकीत जाणारी, वजनाला दीड टनाच्या आसपास. तो वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, शनिवारी संध्याकाळी चोर्ला घाटातून घरी येतो, सोमवारी पहाटे परत. जांबोटी ते कणकुंबी हा पट्टा पावसात कसा होतो हे इकडच्या माणसांना सांगायला नको. इंदूर-बडोद्याच्या मंडळींसाठी सांगतो: लाल चिऱ्याची जमीन, दोन्ही बाजूंना जंगल, धो धो पाऊस, आणि डांबराच्या कडा विटेसारख्या तुटलेल्या. आमच्या वहिनी शनिवारी रात्री गाडीचा आवाज येईपर्यंत झोपत नाहीत. हे त्यांनी त्याला कधी सांगितलेलं नाही, मला माहीत आहे.

गाडीचे शॉकअप गेलेले होते, यात वादच नव्हता. गतिरोधकावरून उतरल्यावर मागचा भाग दोन-दोनदा हलायचा, एका बाजूच्या नळीवर तेल ओघळलेलं. एका मोठ्या शहरातल्या दुकानानं त्याला संपूर्ण कॉइलओव्हर किटचं कोटेशन दिलं: ४० मिलिमीटर खाली, कडक स्प्रिंग, तीस क्लिक. "काका, चोर्ल्यात गो-कार्टसारखी वळेल बघा," म्हणाला. मी म्हटलं, गो-कार्टला सस्पेन्शनच नसतं रे, आणि ती चालवायला गुळगुळीत ट्रॅक लागतो.

मग आम्ही दोघांनी कागद घेतला. धरून चाला की गाडी उभी असताना पुढचं चाक आणखी ७ सेंटीमीटर वर जाऊ शकतं, त्यानंतर बंप स्टॉप, म्हणजे दांड्यावरचं ते फोमचं ठोकळ्यासारखं रबर लागतं. गाडी तशीच, शॉकअपची लांबी तीच ठेवून ४ सेंटीमीटर खाली घेतली की उरले ३. घाटातल्या वळणावर बाहेरचं चाक गाडीच्या झुकण्यानंच दोनएक सेंटीमीटर दबलेलं असतं. उरला १. त्या एका सेंटीमीटरमध्ये तुम्हाला तुटलेल्या डांबराची कड पचवायची आहे. ती पचत नाही. रबर लागतं, स्प्रिंगचा कडकपणा एकदम कितीतरी पटीनं वाढल्यासारखा होतो, आणि टायर रस्ता सोडून देतो, तोही नेमका वळणाच्या मध्ये. ७ चा आकडा मी सोयीसाठी घेतला आहे, प्रत्येक गाडीचा वेगळा. पण वजाबाकी सगळ्यांना तीच.

दुसरा आकडा रस्त्याचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, असा सौम्य फुगवटा सांगितलेला आहे. आता आपल्या गल्लीतला गतिरोधक आठवा. कुणीतरी रातोरात सिमेंटचा बांध घातलेला, रुंदी हातभर. सपाट पोटाची गाडी त्यावरून जाताना पुढची चाकं उतरली, मागची चढायची आहेत, अशा वेळी मधलं पोट घासतं. ४ सेंटीमीटर तिथं फार मोठी रक्कम आहे.

याच्या उत्तरात किटवाले म्हणतात, आमच्यात उंची ॲडजस्ट होते, हवी तेवढी वर घ्या. हे वाक्य नीट तपासून घ्या. पुष्कळ किटांमध्ये फिरवण्याची हद्द सुरूच होते ती मूळ उंचीच्या दोन-तीन सेंटीमीटर खालून. म्हणजे थोडी खाली की फार खाली, एवढीच निवड तुमच्या हातात. कोटेशन देणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच: सगळ्यात वरच्या आट्यावर ठेवली तर कंपनीच्या उंचीपेक्षा किती मिलिमीटर फरक राहतो? लेखी द्या म्हणायचं. आमच्या कोटेशनवाल्यानं दोन दिवस फोनच उचलला नाही.

उंची बदलण्याचे प्रकारही दोन. एकात स्प्रिंगची खालची वाटी आट्यांवर वर-खाली होते, त्यात वरचं दबण्याचं अंतर कमी होतं. दुसऱ्यात शॉकअपचं संपूर्ण शरीर खालच्या ब्रॅकेटमध्ये आत-बाहेर फिरतं, त्यामुळं शॉकअपचा स्वतःचा स्ट्रोक शाबूत राहतो. तैवानच्या बीसी रेसिंगचं बीआर मालिकेतलं किट या दुसऱ्या जातीचं. घ्यायचंच असेल तर दुसरी जात बरी. मात्र तिथंही गाडी खाली घेतली तर चाक मडगार्डला आणि पोट रस्त्याला जवळ येणारच. भूमितीला सूट मिळत नाही.

स्प्रिंगबद्दल एक हिशेब मला फार आवडला, कारण तो ताळेबंदासारखा दोन्हीकडून जुळतो. गाडीचा नैसर्गिक झोका सेकंदाला दीड असेल, तर याचा अर्थ ती उभी असताना स्वतःच्या वजनानं स्प्रिंगवर साधारण ११ सेंटीमीटर दबलेली आहे. झोका सेकंदाला दोन केला, म्हणजे स्प्रिंग बरीच कडक केली, तर दबणं जेमतेम ६ सेंटीमीटर. हा उरलेला दाब म्हणजेच खड्ड्यात चाकाला खाली ढकलणारी शिल्लक. सहा सेंटीमीटर खाली गेल्यावर कडक स्प्रिंगची शिल्लक संपली, चाक लोंबकळतं. ट्रॅकवर सहा सेंटीमीटरचे खड्डे नसतात. आपल्याकडं त्यांना आपण खड्डा म्हणतच नाही.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं: रोजच्या वापराच्या गाडीला कंपनीची स्प्रिंग राहू द्या, किंवा फार तर वीसएक टक्के कडक. विकणारा क्लिकांची संख्या सांगेल, तुम्ही स्प्रिंगचा रेट किलोग्रॅम प्रति मिलिमीटरमध्ये विचारा. क्लिक फिरवून कडक स्प्रिंग मऊ होत नाही. उलट तिला आवरायला शॉकअपही कडक ठेवावा लागतो, नाहीतर ती उसळतच राहते. तीस क्लिकांपैकी वापरण्याजोगे मग पाच-सहाच उरतात. पगार तीस हजार, कर्जाचे हप्ते पंचवीस हजार, तसला प्रकार.

आता ते क्लिक म्हणजे काय. इथं एका शब्दानं सगळे फसतात. महागड्या किटांवर 'हाय स्पीड' आणि 'लो स्पीड' अशी वेगळी ॲडजस्टमेंट असते. हा वेग गाडीचा नव्हे, शॉकअपच्या दांड्याचा. वळणावर गाडी झुकते तेव्हा दांडा सेकंदाला पाच-दहा सेंटीमीटर इतका सावकाश सरकतो. खड्ड्याची कड लागते तेव्हा काय होतं बघा. ताशी ६० च्या वेगानं गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. चाकाला ३० सेंटीमीटर रस्त्यात ५ सेंटीमीटर वर चढायचं असेल तर त्याला मिळतात सेकंदाचे दोन शतांशसुद्धा नाही. चाकाचा उभा वेग पावणेतीन मीटरच्या घरात जातो. पहिल्याच्या तीस-चाळीस पट. चांगला शॉकअप सावकाश हालचालीला घट्ट धरतो, त्यामुळं गाडी डुलत नाही, आणि झटक्याच्या वेळी तेलाला मोठी वाट मोकळी करून देतो. स्वीडनच्या ओहलिन्सचे रोड अँड ट्रॅक शॉकअप लोक वाखाणतात ते या गुणासाठी. स्वस्त किटमध्ये नॉब एकच, आणि तो दोन्हीकडं सारखाच आवळतो. वळणावर डुलणं कमी करायला गेलात की खड्ड्यात दात वाजतात.

ब्रँडांची नावं नव्या पोरांना पाठ असतात, वडिलांना नसतात, म्हणून थोडक्यात. जर्मनीच्या बिलस्टाइनच्या बी-१४ मध्ये फक्त उंची फिरते, बी-१६ मध्ये उंची आणि दहा पायऱ्यांचं डॅम्पिंग, पण दबणं आणि सुटणं एकाच नॉबवर. केडब्ल्यूच्या पहिल्या प्रकारात फक्त उंची, दुसऱ्यात शॉकअपचं सुटणं, तिसऱ्यात दबणं आणि सुटणं वेगवेगळं. जपानच्या टाइनचं फ्लेक्स झी सोळा पायऱ्यांचं आणि सीलबंद, म्हणजे आतलं खराब झालं की नळी अख्खी बदलायची. हॉलंडच्या कोनीचे पिवळे शॉकअप कंपनीच्याच स्प्रिंगवर बसतात आणि त्यांचं सुटणं कमी-जास्त करता येतं. उंचीचा प्रश्नच नाही. माझा कौल या शेवटच्या जातीला. नाव कोनीच असलं पाहिजे असं नाही. आपल्या गाडीला मिळेल तो मूळ लांबीचा, ॲडजस्ट होणारा शॉकअप, आणि स्प्रिंग कंपनीची. पुतण्यानं अखेर याच प्रकारातला घेतला, आणि वाचलेल्या पैशात सगळे बुश, वरचे माउंट, लिंक रॉड नवे केले. निम्मा खडखडाट तर त्यातच होता. फोटोत गाडी पूर्वी दिसत होती तशीच दिसते, याचं त्याला अजून थोडं वाईट वाटतं. वाटू दे.

एक गोष्ट मात्र पैसे खर्च करण्याच्या आधी बघा. अशा जर्मन गाड्यांना पुष्कळदा रन-फ्लॅट टायर असतात, पंक्चर झाल्यावरही चालणारे. त्यांच्या बाजूच्या भिंती दगडासारख्या ताठ. कडक सस्पेन्शन म्हणून ज्याला शिव्या घातल्या जातात, त्यातला मोठा वाटा टायरचाच असतो. साधे टायर घातले तर फरक पडतो, पण मग स्टेपनीची किंवा पंक्चर किटची सोय बरोबर हवी. कणकुंबीच्या पुढं जंगलात मोबाइलला रेंज मिळेलच याची खात्री नाही.

वरच्या माउंटबद्दलही बोलायला हवं. स्पोर्टी किटांमध्ये रबराच्या जागी धातूचा गोळा बसवलेला माउंट येतो. स्टीअरिंग एकदम नेमकं होतं खरं, पण आपल्याकडची लाल धूळ आणि पाणी त्यात शिरलं की थोड्याच दिवसांत टकटक सुरू. रोजच्या गाडीला रबराचाच माउंट घ्या. दांड्यावरचं धूळरोधक रबरी बूट फाटलं असेल तर आधी ते बदला, शंभर-दोनशे रुपयांच्या फाटक्या रबरानं हजारोंचा शॉकअप जातो. गोव्यातल्या मंडळींना आणखी एक सांगणं. खाऱ्या हवेत आट्याची नळी गंजून वाटी जाम होते. एक पावसाळा हात लावला नाही तर पुढं उंची फिरत नाही, पाना तुटतो. केडब्ल्यू आपल्या नळ्या स्टेनलेस स्टीलच्या करते ती काही शोभेसाठी नव्हे. इतरांची असेल तर दर पावसाळ्याआधी आटे ब्रशनं साफ करून ग्रीस लावा.

दुरुस्तीचं म्हणाल तर माझा जीव बेळगावात अडकलेला आहे. सील, क्रोम केलेला दांडा, होन केलेली नळी, हे सगळं हाताळणारी माणसं आपल्या गावात आहेत. म्हणून उघडता येणारा, सुटे भाग मिळणारा शॉकअप मला सीलबंदपेक्षा बरा वाटतो. पण ओळखीच्या लेथवाल्याकडं नेऊन उघडू नका. मोनोट्यूब जातीच्या शॉकअपमध्ये नायट्रोजन वीसएक बार दाबानं भरलेला असतो, आपल्या टायरमधल्या हवेच्या नऊ-दहा पट. तो चुकीच्या पद्धतीनं सुटला तर डोळा जाईल. ज्याच्याकडं गॅस भरायची आणि शॉकअप मशीनवर लावून आलेख काढायची सोय आहे, त्याच्याकडंच द्यायचा.

पैशाचं आता. किटं लाखाच्या वरून सुरू होतात आणि तीन-चार लाखांच्या पुढं जातात, आयात शुल्क आणि कर धरून. आमच्या भाषेत, हा भांडवली खर्च की महसुली? झिजलेला शॉकअप बदलणं हा महसुली खर्च, तो टाळता येत नाही. त्यावर ॲडजस्टमेंटसाठी जादा मोजता तेवढाच खरा निर्णयाचा भाग, आणि तो घसारा लावून बघा: किती वर्षं गाडी ठेवणार, वर्षाला किती किलोमीटर, मध्ये सील बदलायचा खर्च किती. पुतण्याच्या बाबतीत उत्तर 'घ्या' असं आलं, कारण तो दर आठवड्याला दोनशेच्या वर किलोमीटर वाईट रस्ता तुडवतो. महिन्यातून दोनदा कॉफी प्यायला गाडी बाहेर काढणाऱ्यांनी कंपनीचेच नवे शॉकअप घालावेत. त्यांना राग येईल, येऊ दे.

आणि कागदपत्रं. हा विषय कुणालाच नको असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं, त्यात बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आरसीवर शॉकअपचा ब्रँड छापलेला नसतो, त्यामुळं मूळ लांबीचा, मूळ उंची राखणारा बदल आणि गाडी चार सेंटीमीटर खाली घेणं यांत फरक केला जाईल असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर कुणी क्लेम पास करणार नाही. बसवण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेलाही. आमच्या सीमाभागात तर गाडी केए-२२, नोकरी गोव्यात, सासुरवाडी कोल्हापुरात. तीन राज्यांतले पोलीस तीच गाडी थांबवतात. घाटात अपघात झाल्यावर सर्व्हेअरला रंगीत स्प्रिंग दिसली आणि फाइलमध्ये पत्र नसलं, तर त्या घरावर काय येतं हे मी वसुली विभागात तीन वर्षं बघितलं आहे. पुतण्यानं पत्र दिलं, पोच माझ्याकडं फाइलला आहे.

शेवटचा भाग सेटिंगचा, आणि तिथं या पोरांना धीर नसतो. नॉब पूर्ण बंद करून, म्हणजे सगळ्यात कडक टोकापासून उलटे क्लिक मोजायचे, म्हणजे आकडा प्रत्येक वेळी तोच येतो. डावं-उजवं सारखं. सुरुवात मऊ टोकाकडून. एका वेळी एकच बदल, आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं, टायरची हवा तीच ठेवून परत जायचं. आम्ही रविवारी सकाळी टिळकवाडी ते जांबोटी असं चार वेळा गेलो. वहिनींनी दिलेला डबा जांबोटीला संपला, ते वेगळं.

एक फसवणूक तेव्हाच लक्षात आली. सुटणं फार आवळलं की एकामागून एक येणाऱ्या उंचवट्यांवर चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही. दर उंचवट्याला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी रबरावर आपटते. आत बसलेल्याला वाटतं शॉकअप मऊ आहे, म्हणून तो आणखी आवळतो. उपाय नेमका उलटा. पुतण्यानं मागचे तीन क्लिक सैल केले आणि जांबोटीच्या अलीकडच्या लहान लहान पट्ट्यांवर गाडी एकदम शांत झाली. पावसाळ्यात आणखी एक सैल, कारण ओल्या रस्त्यावर मऊ गाडीचीच पकड चांगली.

आणि एक पाच रुपयांचं मोजमाप. शॉकअपच्या चकचकीत दांड्याला प्लॅस्टिकचा केबल टाय सैलसर बांधायचा आणि खाली नळीपर्यंत सरकवून ठेवायचा. दांडा जितका आत जातो तितका टाय त्याच्यावर वर ढकलला जातो आणि तिथंच राहतो. प्रवास संपल्यावर बंप स्टॉपच्या रबरापासून तो किती अंतरावर थांबलाय ते पट्टीनं मोजायचं. रबराला चिकटलेला दिसला तर गाडी आपटते आहे, मग तुमचा चुलतभाऊ किंवा दुकानदार काहीही सांगो. परवाच्या शनिवारी चोर्ल्यातून आल्यावर पुतण्यानं पोर्चमध्येच जॅक लावून चाक काढलं. उजव्या बाजूचा टाय रबरापासून १४ मिलिमीटरवर, डाव्या बाजूचा ११. डावी बाजू म्हणजे रस्त्याची तुटकी कड, ते बरोबरच. मी वहीत तारीख टाकून लिहून घेतलं, आणि वहिनी आतून ओरडल्या की आधी जेवून घ्या, मग काय ती मापं काढा.